एक्स्चेंजवाल्यांनो, आम्हाला पट्टी द्या

प्रति,
भारतात नोंदणी करून क्रिप्टोची खरेदी-विक्री चालवणाऱ्या सर्व एक्स्चेंजचे संचालक

प्रत माहितीसाठी : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, आणि केंद्रीय अर्थ मंत्रालय

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरची. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात गेली अठ्ठावीस वर्षं हिशेब सांभाळते. माझे वडील मार्केट यार्डात कांद्याच्या आडतीवर दिवाणजी होते. शाळेला सुट्टी असली की त्यांचा डबा घेऊन मीच जायची आणि गादीशेजारी बसून त्यांना पट्ट्या लिहिताना बघायची. शेतकऱ्याच्या हातात पडणारा तो पातळ कागद. वर पिशव्या किती, वजन किती, भाव काय लागला. खाली हमाली, तोलाई, वराई, मोटारभाडं, आधी घेतलेली उचल. आणि रेघेखाली, हातात पडणारी रक्कम. ती शेवटची रक्कम वडील आकड्यात आणि अक्षरातही लिहायचे, आणि शेतकऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे. माणूस अक्कलकोटकडचा, कानडी बोलणारा असला तर कानडीत.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्याच बाजारात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा ५१२ किलो कांदा विकला गेला आणि वाहतूक, हमाली, तोलाई वजा होऊन त्याला दोन रुपयांचा चेक मिळाला. ती बातमी देशभर गेली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण आज मला त्या घटनेतली एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. कुठे किती कापलं गेलं, हे त्या शेतकऱ्याच्या हातातल्या कागदावर लिहिलेलं होतं. म्हणून तो ते लोकांना दाखवू शकला, दाद मागू शकला. माझ्या भाच्याला तुमच्यापैकी एकाच्या अ‍ॅपवर असा कागद मिळाला नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

भाचा सव्वीस वर्षांचा. कन्ना चौकाजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. दुकानाच्या डिपॉझिटसाठी साठवलेल्या पैशातले एक लाख रुपये त्याने मला न सांगता एका अ‍ॅपवर टाकले आणि बिटकॉइन, म्हणजे फक्त संगणकावर असणारं एक क्रिप्टो चलन, घेतलं. जागामालकाने आठच दिवसांत डिपॉझिट मागितलं म्हणून विकूनही टाकलं. मधल्या आठ दिवसांत भाव वर गेला होता आणि फिरून होता तिथेच येऊन थांबला होता. बँकेत आले ९६,०७४ रुपये.

"आत्या, मार्केट पडलं की," तो म्हणाला.

मार्केट पडलं नव्हतं. मी त्याच्या मोबाईलवरून खरेदीचा भाव, विक्रीचा भाव आणि त्या त्या वेळचा खुल्या बाजारातला भाव वहीत उतरवून घेतला. इथे समजायला सोपं जावं म्हणून बाजारभाव १०० रुपये धरते. अ‍ॅपने त्याला तोच माल १०१ रुपये ५० पैशांनी दिला होता आणि ९८ रुपये ५० पैशांनी परत घेतला होता. म्हणजे एक लाखात ९८५.२२ नग आले, आणि ते विकून झाले ९७,०४४ रुपये. त्यातून एक टक्का टीडीएस, म्हणजे विकतानाच आधी कापला जाणारा प्राप्तिकर, ९७० रुपये. उरले ९६,०७४. टीडीएस त्याच्या नावावर जमा आहे, विवरणपत्र भरलं की तो वळता होईल किंवा परत येईल. पण २,९५६ रुपये गेले ते गेलेच. आणि ज्या स्क्रीनवरून ते गेले, तिथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं : फी शून्य.

आमच्या बाजारात याला शब्द आहे. कडता. पोत्याचं वजन म्हणून, ओल म्हणून, माती म्हणून क्विंटलमागे किलो-दोन किलो आधीच कमी धरायचे. पट्टीवर 'कडता इतके रुपये' अशी ओळ कधी येत नाही, वजनच कमी लिहून येतं. हमाली दिसते, कडता दिसत नाही. शेतकरी हमालीवरून कधी भांडला नाही इतका कडत्यावरून भांडला. 'ताबडतोब खरेदी' आणि 'ताबडतोब विक्री' या तुमच्या बटणांमागे जो खरेदी-विक्रीच्या भावातला फरक ठेवलेला असतो, तो हाच कडता. मोबदला घेण्याला माझी हरकत नाही. भाव पक्का करून देता, मधल्या सेकंदांची जोखीम उचलता, त्याचे पैसे घ्या. पण त्याला शून्य म्हणू नका.

हा फरक मला ओळखता आला, कारण कारखान्यात माझं निम्मं काम तेच आहे. टॉवेलचे डॉलर आले की बँक ते ज्या भावाने घेते त्याला टीटी बाइंग म्हणतात, आणि आम्हाला डॉलर लागले तर ज्या भावाने देते त्याला टीटी सेलिंग. मधला फरक बँकेची कमाई. मी नवीन होते तेव्हा बँकेने कळवलेला भाव मुकाट्याने वहीत उतरवायची. एकदा शेठजींनी विचारलं, "आज बँका एकमेकींना डॉलर कितीने देतायत, ते बघितलंस का?" बघितलं नव्हतं. डॉलरमागे पन्नास पैसे कमी मिळत होते. दहा हजार डॉलरच्या बिलावर पाच हजार रुपये. त्या दिवसापासून मी भाव कधी एकटा बघत नाही, त्याच्या शेजारी मधला भाव मांडते आणि मगच फोन उचलते. भाच्याला मी हेच शिकवलं, आणि तीन रविवार आम्ही दोघं जुळे सोलापूरच्या घरी वही घेऊन बसलो : एक लाख रुपये क्रिप्टोत घालून, भाव अजिबात न बदलता परत रुपयात आणायचे तर कोणत्या वाटेने किती झिजतात?

पहिली वाट वर सांगितली. दुसरी वाट त्याच अ‍ॅपच्या आत, दोन बोटं पलीकडे होती आणि भाच्याने ती कधी उघडलीच नव्हती. तिथे घेणाऱ्यांचे आणि विकणाऱ्यांचे भाव ओळीने लागलेले दिसतात, ज्याला तुम्ही ऑर्डर बुक म्हणता. तिथे फी लिहिलेली होती : अर्धा टक्का, वर त्या फीवर १८ टक्के जीएसटी. लाखाला ५९० रुपये जाताना, ५९० येताना. बिटकॉइनसारख्या भरपूर उलाढालीच्या मालात घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या भावातलं अंतर थोडं होतं, त्याचे शंभर रुपये धरले. एकूण १,२८०. म्हणजे जिथे फी लिहिली होती तिथे १,२८० रुपये लागत होते, आणि जिथे फी शून्य लिहिली होती तिथे २,९५६. भाचा बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसला. १,६७६ रुपयांचा फरक म्हणजे त्याची दोन दिवसांची कमाई आहे.

या दुसऱ्या वाटेतही दोन चाली आहेत. समोर लागलेला भाव घेऊन मोकळं व्हायचं, किंवा आपला भाव सांगून थांबायचं, 'याखाली देणार नाही' म्हणून. थांबणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी फी कमी असते. पण भाव आलाच नाही तर व्यवहारही होत नाही. आणि हे सगळं गाजलेल्या नाण्यांपुरतं. फारसं कुणी न घेणारं एखादं नाणं असेल तर पहिले थोडे नग चांगल्या भावाने जातात, पुढचे त्याहून खाली, त्यापुढचे आणखी खाली. अशा ठिकाणी फीचा टक्का बघण्यात अर्थच राहत नाही, सगळा खर्च भाव घसरण्यात असतो. तो आकडा तुमच्या संगणकाला बटण दाबण्याआधी माहीत असतो. आम्हाला दाबल्यावर कळतो.

तिसरी वाट माणसाकडून माणसाला, जिला पोरं पीटूपी म्हणतात. या वाटेबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण तिचा खर्च मी जवळून पाहिला.

विडी घरकुलात राहणारा एक मुलगा भाच्याचा मित्र आहे. घरी तेलुगू, आई विड्या वळते. त्याच्याकडे युएसडीटी होते, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं ते टोकन. पीटूपीवर एकाने एक्स्चेंजच्या भावापेक्षा नगाला साठ पैसे जास्त देऊ केले. सव्वाचारशे नग, अडीचशे रुपयांचा फायदा. चाळीस हजार खात्यात जमा झाले, त्याने टोकन सोडले. बाराव्या दिवशी एटीएममधून पैसे निघेनात. बँकेत गेला तर खातं होल्डवर. घेणाऱ्याने जे चाळीस हजार पाठवले होते ते दुसऱ्याच राज्यातल्या एका फसवल्या गेलेल्या माणसाचे होते. त्या माणसाने सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार केली, पोलिसांनी पैसा जिथून जिथे गेला तो माग काढला आणि मागावरची खाती थांबवली. पोलिसांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्याचे पैसे लुबाडले गेले तोही कुणाचा तरी भाचा असेल. पण या मुलाच्या त्याच खात्यात आईच्या प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे होते. विड्या वळून जमलेले. तीन महिने ते हलले नाहीत. बँक, पोलीस ठाणे, वकील, परराज्यातल्या ठाण्याला पाठवलेल्या रजिस्टर पोस्टाच्या पावत्या. आई मला म्हणाली, "माझ्या पैशाने काय केलं होतं?" मला उत्तर देता आलं नाही.

तुमच्या अ‍ॅपवर पीटूपीच्या पानावर काय लिहिलेलं असतं? 'फी नाही'. आणि भाव बघितले तर घेताना बाजारापेक्षा वर, विकणाऱ्याच्या मर्जीचे. शिवाय दोन माणसांत थेट व्यवहार झाला तर एक टक्का टीडीएस कापून सरकारात भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते, हे विडी घरकुलातल्या किती पोरांना ठाऊक असेल? खातं थांबण्याची जोखीम रुपयात सांगता येत नाही, मान्य. पण ती आहे, एवढं तरी त्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा.

परदेशी एक्स्चेंजची फी ऐकली की पोरं हरखतात. शंभराला दहा पैसे, लाखाला शंभर रुपये. पण तिथे रुपया सरळ पोचतो कुठे? बहुतेकांना आधी पीटूपीनेच युएसडीटी घ्यावे लागतात आणि परत येताना त्याच वाटेने विकावे लागतात. जाताना एक टक्का वर आणि येताना एक टक्का खाली धरला तर दोन हजार तिथेच गेले, दहा पैशांचं कौतुक संपलं. त्यात ७ मार्च २०२३ पासून क्रिप्टोचे व्यवहार मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आले, नोंदणी सक्तीची झाली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये वित्तीय गुप्तवार्ता विभागाने नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा काढल्या. पुढे त्यांची संकेतस्थळं इथे बंद झाली. त्यातल्या काहींनी नंतर नोंदणी केली. पण मधल्या काळात ज्यांचे पैसे तिकडे होते त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

मधला माणूसच नको म्हणून विकेंद्रित एक्स्चेंज वापरणारेही आहेत. युनिस्वॅप हे त्यातलंच एक. तिच्या जुन्या पद्धतीत अदलाबदलीवर ०.३ टक्के लागतात, त्यातले बहुतेक अदलाबदलीच्या साठ्यात माल ठेवणाऱ्यांना मिळतात. नवीन पद्धतीत साठ्यानुसार कमी-जास्त. लाखाला तीनशे, जाता-येता सहाशे. वर नेटवर्कची फी, म्हणजे व्यवहार नोंदवणाऱ्या संगणकांच्या जाळ्याला द्यायची फी, वेगळी. आणि रुपयातून तिथे जायला आणि तिथून रुपयात यायला पुन्हा तुमचंच दार, म्हणजे जाता-येता फी आणि जीएसटीचे ते १,१८० आहेतच. १,७८० झाले, नेटवर्कची फी धरायची अजून बाकी.

नेटवर्कची फी हा प्रकार भाच्यालाही नीट माहीत नव्हता. बिटकॉइन पाठवताना फी पाठवलेल्या रकमेवर बसत नाही, त्या व्यवहाराची नोंद किती जागा व्यापते आणि त्या वेळी किती गर्दी आहे यावर बसते. दोन हजार पाठवा की दोन कोटी, नोंद तेवढीच असली तर फी तेवढीच. एप्रिल २०२४ मध्ये बिटकॉइन खणणाऱ्यांचं, म्हणजे व्यवहार नोंदवणाऱ्यांचं, बक्षीस अर्ध्यावर आलं, त्याच दिवशी एका व्यवहाराची सरासरी फी शंभर डॉलरच्या वर गेली होती. एरवी ती त्याच्या कितीतरी खाली असते. युएसडीटीचं तर आणखी वेगळं. तेच टोकन इथेरियम या नेटवर्कवरून पाठवलं तर एक फी, ट्रॉन या नेटवर्कवरून पाठवलं तर दुसरी. आणि चुकीचं नेटवर्क निवडलं तर टोकन परत मिळण्याची शाश्वती नाही.

पण आमचा आक्षेप नेटवर्कवर नाही. विकत घेतलेली क्रिप्टो तुमच्याकडून बाहेर काढून स्वतःकडे न्यायला तुम्ही जी ठोक रक्कम लावता तिच्यावर आहे. समजा ती पाचशे रुपये आहे. ज्याचे पाच लाख आहेत त्याला ती हजाराला एक रुपया पडते. ज्याचे पाच हजार आहेत त्याला शंभराला दहा. मार्केट यार्डात दहा पिशव्या आणणाऱ्याला आणि ट्रक भरून आणणाऱ्याला सारखीच ठोक हमाली लावली असती तर आमच्या हमालांनीच ती घेतली नसती. त्या पाचशेतले नेटवर्कला किती गेले आणि तुमच्याकडे किती राहिले, हे वेगवेगळं लिहा. ब्लॉकचेनवरची, म्हणजे व्यवहारांच्या सार्वजनिक साखळीवरची नोंद तर सगळ्या जगाला दिसते, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

यावर तुम्ही म्हणाल, मग माल बाहेर काढूच नका, आमच्याकडेच ठेवा. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली आणि ग्राहकांची क्रिप्टो वर्षाहून अधिक काळ अडकून पडली. तेव्हापासून तुमच्याकडे ठेवणं फुकटचं आहे असं मला भाच्याला सांगता येत नाही.

आता दोन शब्द अर्थ मंत्रालयासाठी, कारण झिजेचा मोठा भाग त्यांच्याकडून येतो. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर उपकर. खरेदीची किंमत सोडून दुसरा कुठलाही खर्च वजा मिळत नाही. विकताना दिलेली फी, त्यावरचा जीएसटी, नेटवर्कची फी, सगळं आपल्या खिशातून. एका नाण्यात वीस हजार कमावले आणि दुसऱ्यात वीस हजार गमावले तर माणसाच्या हातात शून्य राहतं, पण कर भरावा लागतो ६,२४० रुपये, कारण तोटा नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. १ जुलै २०२२ पासूनचा एक टक्का टीडीएस नफ्यावर नाही, विक्रीच्या पूर्ण रकमेवर आहे. एक नाणं देऊन दुसरं घेतलं तरी तो लागतो. लाख रुपये त्याच भावात दहा वेळा फिरवले तर हातात खेळायला ९०,४३८ उरतात, बाकीचे ९,५६२ परतावा येईपर्यंत सरकारकडे. जुगारासारखं रोज फिरवणाऱ्यांना आवर बसावा हा हेतू असेल तर तो मला पटतो. पण तोटा धरायचाच नाही, हे मला हिशेबनीस म्हणून पटत नाही. आमच्या कारखान्यात एका ऑर्डरीत नफा आणि दुसरीत तोटा झाला तर प्राप्तिकर खातं दोन्ही बघतं.

आता मूळ मागणी. नवीन काही मागत नाही, जे इतरांना लागू आहे तेच मागते आहे.

शेअर घेतला की चोवीस तासांत ब्रोकरकडून कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे व्यवहाराचं बिल, येते. दलाली, व्यवहार कर, एक्स्चेंजचे आकार, जीएसटी, मुद्रांक शुल्क, ओळीओळीने. कर्ज घ्यायला गेलं तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना किरकोळ ग्राहकाला मुख्य गोष्टींचं एक पत्रक द्यावं लागतं, त्यात व्याज आणि सगळे आकार मिळून वर्षाचा एकच टक्का लिहिलेला असतो. क्रिप्टोला शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीसारखा कुणी वाली नाही. गुप्तवार्ता विभाग काळा पैसा बघतो, प्राप्तिकर खातं कर बघतं, ग्राहकाला किती कडता लागला हे बघणारं कुणी नाही.

तरीही तुम्ही मोकळे आहात असं नाही. जाहिरातींसाठीच्या भारतीय मानक परिषदेचे क्रिप्टोबद्दलचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. जोखमीचा इशारा त्यांच्यामुळेच तुमच्या जाहिरातीत येतो. त्याच नियमांत असंही आहे की खर्चाची माहिती स्पष्ट आणि पुरेशी हवी, आणि 'शून्य खर्च' म्हणायचं असेल तर त्या व्यवहारात ग्राहकाच्या डोक्यात येतील ते सगळे खर्च त्या शून्यात धरलेले हवेत. शिवाय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ऑनलाइन फसव्या मांडणीचे तेरा प्रकार ठरवून त्यांना मनाई केली, त्यात किमतीचे तुकडे आधी न दाखवता मागून उघड करणं हा एक आहे. भाच्याच्या स्क्रीनवरचं 'फी शून्य' मी या दोन नियमांशेजारी ठेवून वाचलं. तुम्हीही वाचा.

आम्हाला हवी ती पट्टी छोटी आहे. खरेदीचं किंवा विक्रीचं शेवटचं बटण दाबण्याआधी एका पानावर यावी. वर त्या क्षणाचा बाजारातला मधला भाव आणि त्याखाली तुम्ही देत असलेला भाव. दोन्हींतला फरक रुपयात. त्याखाली फी, त्यावरचा जीएसटी. विक्री असेल तर टीडीएस, पण वेगळ्या ओळीत, कारण तो परत येण्याजोगा आहे आणि त्याला खर्चात मिसळलं की तुमचा खर्च झाकला जातो. माल बाहेर न्यायचा असेल तर नेटवर्कला किती, तुम्हाला किती. मोठी ऑर्डर असेल तर भाव किती घसरेल. आणि रेघेखाली, हातात पडणारी रक्कम. आकड्यात आणि अक्षरात. खरेदीच्या वेळी आणखी एक ओळ द्या : हाच माल आत्ता लगेच परत विकला तर किती मिळतील. ही एक ओळ असती तर भाच्याने आठ दिवस थांबण्याआधीच, पहिल्या मिनिटाला, २,९५६ रुपये बघितले असते.

आणि हे मराठीत हवं. तुमच्या जाहिराती मराठीत येतात, नोंदणी करा म्हणून संदेश मराठीत येतात. पण फीचं पान आणि अटींचं पान इंग्रजीत. ज्या भाषेत बोलावता त्याच भाषेत हिशेब द्या. सोलापुरात तेलुगू, कानडी आणि उर्दूही बोलली जाते, त्यांच्यासाठीही द्या. तुमच्यातल्या एखाद्याने मनावर घेतलं तर नमुना मी लिहून देईन, पैसे नकोत. वडिलांनी लिहिलेल्या पट्ट्यांची एक जुनी चळत माझ्या कपाटात आहे, मांडणी तिच्यावरून घेता येईल.

भाच्याचं डिपॉझिट शेवटी मी भरलं. त्याच्याकडे अजून थोडे युएसडीटी आहेत, दिवाळीआधी दुकानासाठी नवी हॉट एअर मशीन घ्यायची म्हणून तो ते विकणार आहे. कुठे विकायचे हे अजून ठरलेलं नाही. तुमच्यापैकी जो पहिला ही पट्टी दाखवेल त्याच्याकडे विकू, आणि कन्ना चौकात त्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक पोराला ती पट्टी दाखवू.

आपली,
टॉवेल कारखान्यातली एक हिशेबनीस
सोलापूर